नळदुर्ग-जळकोट परिसर : पाहायला पुष्कळ, मुक्कामाला कोण?

सोलापूरहून हैदराबादकडे निघालेली गाडी नळदुर्ग मागे टाकल्यावर आठेक किलोमीटरवर जळकोटला पोहोचते. गाव महामार्गावरचं, त्यामुळे ट्रक, खासगी बस आणि कर्नाटक-तेलंगणातून येणाऱ्या गाड्यांची वर्दळ बाराही महिने. हे जळकोट धाराशिव जिल्ह्यातलं, तुळजापूर तालुक्यातलं. लातूर जिल्ह्यात उदगीरच्या बाजूला याच नावाचा तालुका आहे, आणि मोबाइलवर नुसतं नाव टाकून निघालेल्याला तो भलतीकडेच नेऊ शकतो.

इथून जाणारे बहुतेक लोक पुढे जायच्या घाईत असतात. इतिहासातही गावाचं नाव आलं ते असंच, पुढे जाणाऱ्यांच्या निमित्ताने. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानावरची पोलीस कारवाई सुरू झाली, तेव्हा सोलापूरहून निघालेल्या भारतीय फौजेची पहिली चकमक नळदुर्गला झडली. बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेणं ही कामगिरी सातव्या ब्रिगेडने फत्ते केली, दुसऱ्या शीख पलटणीने निजामाच्या फौजेला हटवलं आणि सकाळी नऊच्या सुमारास चिलखती तुकडी जळकोटमध्ये शिरली. तिथून वाट मोकळी झाली. दुपारी सव्वातीनपर्यंत फौज उमरग्यात होती. त्याच दिवशी दुसरी तुकडी तुळजापुरात रझाकारांशी दोन तास लढली. पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला दरवर्षी झेंडावंदन होतं, पण ज्या रस्त्यावरून ही मुक्ती चालत आली तो रस्ता कोणी मुद्दाम पाहायला आल्याचं ऐकिवात नाही. युरोपात दुसऱ्या महायुद्धातले पूल आणि किनारे पाहायला लोक हजारो मैलांवरून येतात. बोरीचा पूल आणि नळदुर्ग-जळकोट-उमरगा हा पट्टा एका दिवसात पाहून होतो, आणि तरीही पर्यटनाच्या कुठल्याही चर्चेत तो नसतो.

या परिसरात पाहण्यासारखं काय आहे, हा प्रश्न त्यामुळे फारसा अवघड नाही. अवघड प्रश्न वेगळा आहे. इतकं असूनही माणूस इथे रात्रीचा का राहत नाही?

आधी नळदुर्ग. महाराष्ट्रात किल्ला म्हटला की सह्याद्रीचा कडा आणि घाम काढणारी चढण डोळ्यांपुढे येते. नळदुर्ग तसा नाही. बालाघाटच्या पठारावर बोरीच्या वळणात बसलेला हा भुईकोट इतका ऐसपैस आहे की तटाचा घेर तीन किलोमीटरच्या आसपास भरतो आणि बुरूज ११४ असल्याचं सांगितलं जातं. नळराजाची कथा नावाला चिकटलेली आहेच. मूळ कोट कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातला मानतात. पुढे तो बहामनींकडे गेला आणि आदिलशाहीत, पहिल्या अली आदिलशहाच्या कारकिर्दीत, त्याला दगडी तटबंदी मिळाली. उपळी बुरूज ही किल्ल्यातली सर्वांत उंच जागा. वर मगर तोफ आणि हत्ती तोफ ठेवलेल्या आहेत, आणि तिथून पठार किती दूरवर सपाट पसरलंय ते एका नजरेत कळतं. नवबुरूज तर मुद्दाम खालून, तटाबाहेरून पाहावा. नऊ पाकळ्या एकमेकींना खेटून दगडातून बाहेर आल्यात, आणि तोफगोळ्याला सरळ आपटायला सपाट भिंतच सापडू नये ही त्यामागची अक्कल आहे.

पण लोक येतात ते पाणीमहालासाठी. नळदुर्ग आणि समोरचा रणमंडळ हा जोडकिल्ला, या दोहोंच्या मध्ये बोरीवर दगडी बंधारा घातला आहे. एरवी बंधारा म्हणजे भरीव भिंत. इथे बांधणाऱ्याने भिंतीच्या पोटातच महाल काढला. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये, मीर इमादीन नावाच्या स्थापत्यकाराने हे काम पुरं केल्याचं तिथल्या फारसी शिलालेखावरून समजतं. बंधाऱ्याच्या माथ्यावरून अरुंद जिना आत उतरतो. खाली महिरपी, सज्जा, बसायच्या जागा. नदी तुडुंब भरली की पाणी माथ्यावरच्या दोन ठरावीक वाटांनी खाली कोसळतं, त्यातल्या एकीला नर आणि दुसरीला मादी म्हणतात. आतल्या माणसाला डोक्यावरून नदी चाललेली ऐकू येते, दगड हाताला किंचित थरथरतो, समोर पाण्याचा पडदा, आणि महालात मात्र कोरडं. चारशे वर्षांपूर्वी सांडव्याचं पाणी नेमकं कुठून आणि किती दूर फेकलं जावं हा हिशेब कोणीतरी केला होता, आणि तो आजही चुकलेला नाही. महाराष्ट्रातल्या जलस्थापत्यात छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की शाळेच्या सहलींमुळे घराघरांत पोहोचली. पाणीमहाल तिच्यापेक्षा धाडसाचं काम आहे. हे मत स्थानिक अभिमानाचं वाटेल, पण दोन्ही पाहणाऱ्याने ठरवावं.

अडचण एकच. नर-मादी वाहायला वरचं बोरी धरण भरून सांडव्यावरून पाणी सुटावं लागतं. ज्या वर्षी पाऊस चांगला त्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबरदरम्यान कधीतरी ‘नर-मादी सुरू’ अशी बातमी स्थानिक पेपरांत येते आणि पुढच्या रविवारी सोलापूर, लातूर, कलबुर्गीहून गाड्यांची रीघ लागते. त्या चार-पाच रविवारी नळदुर्गात गाडी लावायला जागा मिळत नाही, चहा-भज्याच्या गाड्यांवर उसंत नसते. नंतर पुन्हा सामसूम. आणि ज्या वर्षी पाऊस रुसला त्या वर्षी तेवढंही नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पाजावं लागलं होतं. त्या दुष्काळात धबधब्यावर पोट असणाऱ्याने काय करायचं? उलट २०२५ च्या सप्टेंबरात याच जिल्ह्यातल्या परंडा-भूम भागात पुराने घरं, शेतं आणि जनावरं नेली. कधी थेंब नाही, कधी महापूर, अशा मुलखात सगळं पर्यटन एका धबधब्याच्या भरवशावर सोडणं म्हणजे लॉटरीच्या तिकिटावर संसार मांडणं.

किल्ल्याची अवस्था पूर्वी केविलवाणी होती. काटेरी झुडपं, ढासळलेल्या भिंती, वटवाघळं. राज्य पुरातत्त्व खात्याच्या ‘महाराष्ट्र वैभव’ या स्मारक संगोपन योजनेखाली सोलापूरच्या युनिटी मल्टिकॉन्स कंपनीने तो देखभालीला घेतला. साफसफाई, डागडुजी, वाटा, बाग, नौकाविहार असं बरंच काही उभं राहिलं, आणि घरच्या मंडळींना, वयस्कांना घेऊन जाता येईल असा किल्ला झाला. खासगी पैशातून वारसा सांभाळण्याचं राज्यातलं हे चर्चेत राहिलेलं उदाहरण. हिरवळ आणि होड्या यांनी गर्दी वाढते हे खरंच. पण मीर इमादीन कोण होता, पाणी कुठून कुठे जातं, १९४८ च्या त्या सकाळी काय घडलं, हे चांगल्या मराठीत, कन्नडमध्ये आणि तेलुगूत सांगणारा माणूस दारात उभा असेल, तर दीड तासात परतणारा पाहुणा अर्धा दिवस थांबेल. गावातल्या शिकलेल्या पोरांना रोजगार म्हणून हे काम बागकामापेक्षा स्वस्तात उभं राहतं.

या किल्ल्याने इंग्रज अंमलही पाहिला. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडाबरोबर हा मुलूखही ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला, तेव्हा नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार कर्नल मेडोज टेलर याच्याकडे आला. ठगांवरच्या कादंबरीने इंग्लंडात गाजलेला हा अधिकारी नळदुर्ग आणि तुळजापूर या दोन्ही ठिकाणी राहिला, आणि पुढे शिवकाळावर ‘तारा’ ही कादंबरी लिहिली तिची नायिका त्याने तुळजापूरची घेतली. आज धाराशिव हे जिल्ह्याचं ठिकाण असलं, तरी एके काळी तो मान नळदुर्गचा होता, हे नव्या पिढीला सांगावं लागतं.

नळदुर्गपासून चारेक किलोमीटरवर, सोलापूरच्या बाजूला, अणदूर. या दोन गावांत मिळून एक खंडोबा. देव एकच आणि देवळं दोन. साधारण सव्वादहा महिने मूर्ती अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपूरला. मार्गशीर्षात देव नळदुर्गला येतो आणि पौष पौर्णिमेची मोठी यात्रा उरकली की परत जातो. नेताना-आणताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांत रीतसर लेखी करार होतो: देव अमुक दिवशी घेऊन जातो, अमुक दिवशी परत आणून देतो. सह्या झाल्याशिवाय पालखी हलत नाही. गावागावांत पाण्यावरून, शिवेवरून भांडणं होणाऱ्या या भागात देवाच्या मुक्कामाचा करार पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो ही मोठी गोष्ट आहे. येळकोटाच्या गजरात, खोबरं-भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या वाटेवरची ती रात्र कुठल्याही ‘सांस्कृतिक महोत्सवा’पेक्षा जिवंत असते, आणि तिला तिकीट नाही. कर्नाटकातले भाविक मोठ्या संख्येने येतात, कारण मैलार, म्हणजे खंडोबाच, हा त्यांचाही देव.

आता तुळजापूर. नळदुर्गहून चौतीस किलोमीटर. इथे आकड्यांची गरज नाही; महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणातल्या असंख्य घरांचं कुलदैवत म्हणजे इथली तुळजाभवानी. शारदीय नवरात्रात आणि त्यानंतरच्या पौर्णिमेला जे घडतं ते मात्र पर्यटनाच्या भाषेत कोणी मांडत नाही. सोलापूर ते तुळजापूर हा सुमारे पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता कोजागरीला पायी चालणाऱ्यांनी भरून वाहतो. वाहनं बंद करून रस्ता चालणाऱ्यांना मोकळा दिला जातो. अनवाणी बाया, खांद्यावर पोर घेतलेले बाप, कॉलेजातली टोळकी. ठिकठिकाणी चहा, केळी, भात-आमटीचे मंडप, पाय चेपून देणारे, फोडांना मलम लावणारे. कर्नाटकातून नळदुर्गमार्गे चालत येणारे जथे वेगळेच. ‘आई राजा उदो उदो’ म्हणत रात्रभर होणारी ही चाल म्हणजे मराठवाड्यातला सर्वांत मोठा ट्रेक आहे. फक्त त्याला ट्रेक म्हणायची रीत नाही, इतकंच.

दर्शन झालं की हे सगळे लोक निघून जातात. जातात ते अक्कलकोटला, गाणगापूरला, पंढरपूरला. तुळजापुरातच घाटशीळ आहे, रामदरा तलाव आहे, बालाघाटच्या उतारावरून दिसणारं खालचं सपाट रान आहे, पण रांगेत सहा तास उभा राहिलेला माणूस आणखी कुठे जाईल? मे २०२५ मध्ये चौंडीला झालेल्या मंत्रिमंडळ बैठकीत तुळजाभवानी मंदिर परिसराच्या विकासासाठी १,८६५ कोटींचा आराखडा मंजूर झाला. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या सुमारे ८४ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाचं कामही हाती घेतलं आहे. दोन्ही गोष्टी झाल्याच पाहिजेत. मात्र रेल्वे नळदुर्गला शिवत नाही, जळकोटला तर नाहीच. सगळा पैसा आणि सगळी गर्दी एकाच गाभाऱ्याभोवती साठणार असेल तर तुळजापूरचं गुदमरणं वाढेल आणि चौतीस किलोमीटरवरचा पाणीमहाल तसाच पावसाची वाट पाहत राहील. आराखड्यातल्या रकमेचा एक लहानसा तुकडा तुळजापूर-नळदुर्ग-अणदूर अशा फिरत्या एसटीवर आणि माहिती केंद्रांवर खर्च झाला, तरी पुरे.

जिल्ह्याचा बाकीचा भाग जळकोटहून जरा दूर पडतो, पण शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या टप्प्यात येतो. त्यात पहिला मान तेरचा. तेरणेकाठचं हे आजचं खेडं म्हणजे ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक असलेलं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या वर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचं आणि तिथलं कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याचं नोंदलं आहे. तेरला सापडलेली हस्तिदंताची बाई आणि इटलीत ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ मध्ये सापडलेली हस्तिदंती मूर्ती यांचं साम्य अभ्यासकांनी वारंवार दाखवलं आहे. पाँपेईची मूर्ती नेपल्सच्या संग्रहालयात गर्दी खेचते. तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे या गावच्या व्यापाऱ्याने शेतात-पांढरीत मिळणाऱ्या वस्तू हयातभर गोळा केल्या म्हणून आज तिथे सरकारी संग्रहालय उभं आहे. विटांचं जुनं त्रिविक्रम मंदिर पाहावं, संत गोरोबाकाकांच्या समाधीवर माथा टेकावा, आणि संग्रहालयाला निदान दोन तास द्यावेत. शाळेच्या सहली इथे अर्ध्या तासात गुंडाळतात, हे बरं नाही.

धाराशिव लेणी शहराजवळच आहेत. थोडकी, शांत, बौद्ध की जैन या वादात सापडलेली. परंड्याचा भुईकोट अभ्यासूंनी पाहावा असा. विजापूरला लोक ज्या मुलुख-ए-मैदान तोफेपुढे फोटो काढतात ती आधी परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली गेली. लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा ही आणखी एक न विसरण्याची जागा: १९२१ साली निजामाच्या राज्यात निघालेली, आणि व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, जिथे शिकवत होते ती.

रानावनाची हौस असणाऱ्यांसाठी येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य आहे. क्षेत्रफळ जेमतेम बावीस चौरस किलोमीटर, झाडी पानगळीची, दरीत रामलिंगाचं मंदिर, पावसाळ्यात त्याच्याशेजारून कोसळणारा ओढा, आणि प्रसादावर डोळा ठेवून असलेली माकडं. डिसेंबर २०२४ मध्ये या चिमुकल्या जंगलात वाघ कॅमेऱ्यात सापडला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून शेतं, रस्ते, नद्या ओलांडत काहीशे किलोमीटर चालत आलेला तरुण नर. बातमीने दोन गोष्टी एकदम दाखवल्या: या कोरड्या मानल्या गेलेल्या मुलखातही प्राण्यांना लपतछपत यायला वाट उरली आहे, आणि गुरं मारली गेल्यावर शेतकऱ्याची झोप कशी उडते तेही. वाघाच्या नावावर सफारीची स्वप्नं पाहणाऱ्यांनी आधी त्या शेतकऱ्याला विचारावं. सोलापूरकडे नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे. माळढोक दिसण्याची आशा आता जवळपास धरू नये, पण लांडगे, काळवीट आणि उघड्या माळरानावरची हिवाळी सकाळ यांसाठी जाणं फुकट जात नाही.

मग या भागाने विकायचं काय? ‘मराठवाड्याचं महाबळेश्वर’ वगैरे पाट्या लावणं हास्यास्पद आहे. दाट धुकं नाही, स्ट्रॉबेरी नाही, असायचं कारणही नाही. हा ज्वारी-तुरीचा, अलीकडे सोयाबीन-द्राक्षाचा मुलूख, आणि त्याची खरी ऋतुचर्या डिसेंबर-जानेवारीत रंगते. हुरड्याचंच पाहा. शेतात हातभर खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी पेटवतात, आर पडला की कोवळी कणसं त्यात खुपसतात. भाजणारा जाणता लागतो; क्षणभर उशीर झाला की दाणा करपतो, घाई केली की कच्चा राहतो. गरम कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून भूस उडवायचं आणि हिरवा दाणा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, गुळाच्या खड्याबरोबर तोंडात टाकायचा. वर कवडीदार दही. गूळभेंडी आणि सुरती हे हुरड्याचे नावाजलेले वाण. पुणे-संभाजीनगरच्या आसपास याच गोष्टीचे ताटामागे पैसे मोजून लोक रांगा लावतात. नेमक्या याच दिवसांत अणदूरचा खंडोबा नळदुर्गला असतो, तुळजापूरला शाकंभरी नवरात्र असतं, हवा कोरडी आणि थंड असते, उपळी बुरूज चढताना धाप लागत नाही. धबधबा नसतो, इतकंच.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. शेतकऱ्याला स्वतःच्या रानात खोल्या बांधून पाहुणे ठेवायला त्यात वाव आहे. पुणे, सातारा, कोकणाने तो उचलला. मराठवाड्याच्या या टोकाला अजून हात आखडताच आहे. कारणं उघड आहेत. विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकेल याची खात्री नाही, बँक कर्ज देताना नाक मुरडते, आणि महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम वर्षानुवर्षं रेंगाळल्याने धूळ आणि खड्डे हीच परिसराची ओळख होऊन बसली होती. त्यात घरात परका माणूस उतरवायची सवय नाही. पाहुणा म्हणजे सोयरा; त्याच्याकडून पैसे कसे घ्यायचे, हा संकोच शहरी सल्लागाराला कळत नाही, पण गावात तो खरा आहे. तरीही जळकोटसारखं महामार्गावरचं गाव या कामाला सर्वांत सोयीचं ठरतं. नळदुर्ग दहा मिनिटांवर, तुळजापूर तासाभरावर, सोलापूरचं स्टेशन दीड तासावर. दहा-बारा घरांनी स्वच्छ खोल्या, शौचालयं आणि घरचं जेवण एवढं दिलं तरी सुरुवात होते. कुंथलगिरीचा खवा आणि तुळजापूरची कवडी यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पाहुण्याच्या पिशवीत घालायला काही नाही, अशी तक्रारही मग उरत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. नर-मादी पाहायची असेल तर निघण्यापूर्वी बोरी धरण भरल्याची खातरजमा करा आणि रविवार टाळून मधल्या वारी जा. पाणीमहालाचे जिने अरुंद आणि शेवाळलेले असतात, तेव्हा चपलेऐवजी बूट घाला, आणि पाण्याचा जोर पाहून आत सोडत नसतील तर हुज्जत घालू नका. पाऊस चुकला तर पौष पौर्णिमा धरा: हुरडा, खंडोबाची यात्रा आणि किल्ला एका फेरीत होतो. नवरात्रात आणि कोजागरीला चालायचं नसेल तर या रस्त्यांना गाडी घेऊन येऊ नका. आणि कधीही आलात तरी एक रात्र तुळजापूरच्या लॉजवर न काढता नळदुर्ग-जळकोटच्या बाजूला खोली मिळते का ते विचारा. मागणारे चार जण आले, की देणारा पाचवा तयार होईल.